स्लॉटचा भाव आणि परवान्याची अट: गेमिंगसाठी व्हॉइस सर्व्हर घेताना आणि विकताना

व्हॉइस सर्व्हर म्हणजे खेळताना एकमेकांशी बोलण्यासाठीचा सर्व्हर. त्याच्या जाहिरातीत एवढंच असतं: पन्नास स्लॉट (एकाच वेळी पन्नास जणांना जागा), महिन्याला अमुक रुपये, पहिला महिना निम्म्या भावात. त्या रकमेत यंत्राचं भाडं किती, सॉफ्टवेअरच्या परवान्याचे पैसे किती आणि होस्टच्या, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या, खिशात किती जातं, याची फोड कुणी करून देत नाही. खरं तर पन्नास जणांचं बोलणं सांभाळणं आजच्या सगळ्यात स्वस्त व्हीपीएसलाही (भाड्याने मिळणाऱ्या आभासी यंत्रालाही) जड जात नाही. टीमस्पीकसारख्या व्हॉइस सॉफ्टवेअरमध्ये ‘स्लॉट’ ही मुळात परवान्याची मर्यादा असते, यंत्राची क्वचितच. म्हणून भाव बघण्याआधी होस्टला एकच प्रश्न विचारायचा: हे स्लॉट कोणत्या परवान्याखाली विकताय? उत्तर सरळ आलं तरच पुढचं बोलणं.

कोणाचा परवाना काय म्हणतो

व्हेंट्रिलो हे जुनं व्हॉइस सॉफ्टवेअर आता फारसं कुणी वापरत नाही. पण स्लॉट भाड्याने देण्याचा धंदा फोफावला त्यात त्याचा वाटा मोठा होता, म्हणून थोडक्यात. फ्लॅगशिप इंडस्ट्रीज या अमेरिकन कंपनीचं हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये आलं. मोफत मिळणारा सर्व्हर फक्त ८ जणांपुरता. त्याहून मोठा हवा असेल तर परवानाधारक होस्टकडूनच भाड्याने घ्यावा लागे. त्याच काळात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये ४० जणांच्या रेड (एकत्र केलेल्या मोहिमा) चालत, म्हणजे प्रत्येक गिल्ड (खेळाडूंचा संघ) आपोआप गिऱ्हाईक झाली. २००७ च्या विस्तारानंतर रेड २५ जणांवर आल्या आणि गिल्डना लागणारे स्लॉटही कमी झाले.

टीमस्पीक ही बव्हेरियातली जर्मन कंपनी. टीमस्पीक ३ चा सर्व्हर कोणीही उतरवून चालवू शकतो: परवाना न घेता एक व्हर्च्युअल सर्व्हर (त्याच प्रोग्रामच्या आत चालणारा स्वतंत्र सर्व्हर) आणि ३२ स्लॉट. पूर्वी ना-नफा गटांसाठी वेगळा परवाना होता, त्यात १० व्हर्च्युअल सर्व्हर आणि ५१२ स्लॉट फुकट मिळत. तो २०१८ मध्ये बंद झाला. तरी जुन्या मार्गदर्शिकांत अजून ‘अर्ज करा, ५१२ स्लॉट मिळतील’ असं लिहिलेलं सापडतं. त्यावर विसंबून क्लॅनचं (खेळाडूंच्या गटाचं) नियोजन करू नका. त्याच्या जागी गेमर परवाना आला: वर्षाच्या बोलीवर, ६४ स्लॉटपासून १०२४ पर्यंतच्या पायऱ्यांत, फक्त स्वतःच्या वापरासाठी. स्लॉट दुसऱ्याला भाड्याने द्यायचे असतील तर ‘अधिकृत टीमस्पीक होस्ट’ हा स्वतंत्र करार लागतो. गेल्या काही वर्षांत कंपनी स्वतःही थेट सर्व्हर भाड्याने देऊ लागली आहे. परवाना देणाराच आता होस्टांचा स्पर्धक झाला आहे, आणि छोट्या होस्टने टीमस्पीकच्या भरवशावर सगळा धंदा उभा करणं आम्हाला शहाणपणाचं वाटत नाही ते याच कारणाने.

मंबल हे व्हॉइस सॉफ्टवेअर पूर्ण मोकळं आहे. त्याचा बीएसडी परवाना वापरावर, स्लॉटच्या संख्येवर किंवा विक्रीवर बंधन घालत नाही. सॉफ्टवेअर पुढे वाटताना मूळ कॉपीराइटची नोंद तशीच ठेवायची, एवढीच अट. म्हणजे मंबलच्या स्लॉटला परवान्याची किंमत शून्य. मंबलचा ‘स्लॉटमागे भाव’ लावणारा होस्ट तुमच्याकडून यंत्र, देखरेख आणि पॅनेल (सर्व्हर हाताळायचं वेबपान) यांचे पैसे घेतोय. ते घेण्यात गैर काहीच नाही, फक्त घासाघीस करताना हे माहीत असलेलं बरं.

डिस्कॉर्ड मे २०१५ मध्ये आलं आणि स्लॉट भाड्याने देणाऱ्यांचं कंबरडं मोडलं, कारण तिथे स्लॉट ही चीजच नाही. पण डिस्कॉर्डवरचा ‘सर्व्हर’ तुमचा नसतो. ती कंपनीच्या यंत्रांवरची एक खोली आहे. तो स्वतःच्या यंत्रावर बसवता येत नाही, त्यामुळे त्यात होस्टिंग असं विकण्यासारखं काही उरत नाही. व्हॉइस चॅनेलचा (सर्व्हरमधल्या बोलण्याच्या कप्प्याचा) मूळ बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा आवाजाचा डेटा, ६४ केबीपीएस, फुकटात ९६ पर्यंत वाढतो. त्यापुढचे १२८, २५६ आणि ३८४ बूस्टच्या (सदस्यांनी सर्व्हरसाठी पैसे भरण्याच्या) पायऱ्यांवर मिळतात.

आधी गेम बघा, मग माणसं मोजा

बऱ्याचदा सॉफ्टवेअरची निवड तुमच्या हातात नसते. आर्मा ३ या युद्धाच्या गेममध्ये टास्क फोर्स रेडिओ हा मॉड (गेमला जोडायची भर) वापरत असाल तर टीमस्पीक ३ लागतोच, कारण रेडिओचं अंतर, खरखर आणि फ्रिक्वेन्सी हे सगळं टीमस्पीकला जोडलेल्या प्लगइनमधून (जोड-प्रोग्राममधून) चालतं. मॉडच्या मूळ सेटिंगमध्ये ‘टास्कफोर्सरेडिओ’ (TaskForceRadio) नावाचं चॅनेल आणि १२३ हा पासवर्ड अपेक्षित असतो. चॅनेलच्या नावात एका अक्षराची चूक झाली तरी खेळाडू गेममध्ये शिरल्यावर त्या चॅनेलमध्ये ओढला जात नाही, आणि सगळे प्लगइन पुन्हा बसवत बसतात. फाइव्हएम या मॉडवर जीटीएचा रोलप्ले (भूमिका वठवून खेळण्याचा) सर्व्हर चालवत असाल तर मंबलवर आधारलेला व्हॉइस त्यातच येतो, वेगळा सर्व्हर भाड्याने घेण्याची गरज बहुधा नसते. व्हॅलोरंट, सीएस किंवा बीजीएमआयच्या पाच-सहा जणांच्या टीमला डिस्कॉर्ड पुरेसं आहे. तिथे भाड्याच्या सर्व्हरवर पैसे घालू नका.

माणसं मोजताना सदस्यसंख्या धरायची नाही. एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण जोडलेले असतात तो आकडा धरायचा. शनिवार रात्रीची गर्दी दोन-तीन आठवडे पाहा आणि त्यात एक पंचमांश भर घाला. म्युझिक बॉटही (गाणी वाजवणारा प्रोग्राम) स्लॉट खातो, तो मोजा. वेगळ्या चॅनेलमध्ये नुसते बसून राहणारेही स्लॉट खातात. हा आकडा ३२ च्या आत येत असेल तर टीमस्पीकसाठी कोणालाही स्लॉटचे पैसे देण्याचं कारण नाही. एक छोटा व्हीपीएस घ्या आणि विनापरवाना सर्व्हर बसवा. तो ‘विनापरवाना’ असला तरी कायदेशीरच आहे, कंपनीनेच तशी मुभा दिली आहे. आकडा ३३ झाला की मात्र येणाऱ्याला सर्व्हर भरल्याचा संदेश दिसतो आणि तो बाहेर राहतो. अ‍ॅडमिनांसाठी दोन स्लॉट राखून ठेवण्याची सोय सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आहे. ती पहिल्याच दिवशी वापरा, नाहीतर ऐन सामन्यात ज्याच्याकडे अधिकार आहेत तोच दाराबाहेर.

डेटाचा हिशेब

होस्ट ‘अमर्याद बँडविड्थ’ म्हणतो तेव्हा घाबरू नये आणि भुलूही नये. सर्व्हर बोलणाऱ्याचा आवाज घेतो आणि त्याच चॅनेलमधल्या बाकी प्रत्येकाकडे त्याची एकेक प्रत पाठवतो. म्हणून बाहेर जाणारा डेटा म्हणजे बोलणारे गुणिले ऐकणारे गुणिले बिटरेट.

ओपस कोडेक (आवाज आकसून पाठवण्याची पद्धत) ४० केबीपीएसवर चालवला तर खरा खर्च ६० च्या आसपास धरा. आवाजाचं एक पाकीट २० मिलिसेकंदांचं असेल तर सेकंदाला ५० पाकिटं जातात. प्रत्येकाला आयपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतींचं मिळून २८ बाइट हेडर (पत्त्याची चिठ्ठी), म्हणजे फक्त हेडरचेच ११.२ केबीपीएस. वर एन्क्रिप्शन आणि प्रोटोकॉलचं ओझं. पाकीट १० मिलिसेकंदांचं केलं तर उशीर थोडा कमी होतो, पण हेडरचा खर्च दुप्पट, २२.४. स्वस्त व्हीपीएसवर हा सौदा परवडत नाही.

सोपं जावं म्हणून ६४ केबीपीएस धरू. एका चॅनेलमध्ये २५ जण आणि सरासरी एकच जण बोलतोय: २४ गुणिले ६४ म्हणजे १,५३६ केबीपीएस. तासाला सुमारे ६९० एमबी. रोज चार तास खेळ झाला तर महिन्याला साधारण ८३ जीबी. चकमकीत तिघे एकदम ओरडले की तेवढा वेळ ४.६ एमबीपीएस लागतात. घरच्या जोडणीवरून सर्व्हर चालवणाऱ्याने अपलोडचा वेग बघायचा तो यासाठी. भाड्याच्या व्हीपीएसवर हे आकडे किरकोळ आहेत. तिथे अडचण येते ती पाकिटांच्या संख्येची. त्याच तिघांच्या गोंधळात सर्व्हर सेकंदाला ३,६०० पाकिटं बाहेर टाकतो. एका भौतिक यंत्रावर होस्टने खच्चून गिऱ्हाइकं भरली असतील तर सीपीयू वेळेवर मिळत नाही आणि आवाज तुटतो, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ) चांगला दिसत असतानासुद्धा.

पिंगचं गणित भूगोलाचं आहे. मुंबईतल्या डेटा सेंटरपर्यंत महाराष्ट्रातल्या चांगल्या फायबर जोडणीवरून सहसा १० ते ३० मिलिसेकंद, सिंगापूरपर्यंत ६० च्या आसपास, फ्रँकफर्टपर्यंत शंभराच्या वर. आवाजासाठी १०० ते १५० चालून जातात. पाच जणांच्या टीममध्ये ‘मागे बघ’ हे ऐकू येईपर्यंत माणूस मेलेला असतो अशी तक्रार येऊ लागते ती त्याच्या पुढे. निम्मे सदस्य पुण्यात आणि निम्मे जर्मनीत किंवा आखाती देशांत असतील तर सर्वात वाईट पिंग असलेल्या माणसाचा आकडा कमीत कमी राहील असं ठिकाण निवडा. सरासरीवर जाऊ नका.

होस्ट तपासताना

टीमस्पीक भाड्याने घेत असाल तर होस्टचा चाचणी सर्व्हर मागा आणि टीमस्पीक ३ च्या क्लायंटमधून (वापरणाऱ्याच्या प्रोग्राममधून) जोडा. वरच्या सर्व्हरच्या नावावर क्लिक केलं की उजवीकडे माहिती दिसते: आवृत्ती, किती वेळ चालू आहे, किती जण जोडलेत आणि परवान्याचा प्रकार. तिथे अधिकृत होस्टचा परवाना दिसला पाहिजे. ‘परवाना नाही’ दिसलं आणि होस्ट ३२ स्लॉटचे पैसे मागत असेल तर तो तुम्हाला फुकटची वस्तू विकतोय, तीही ज्याची विक्री करण्याची परवानगी त्याला नाही. ‘परवाना नाही’ च्या जोडीला १०० स्लॉट दिसले तर सर्व्हरचा परवाना बेकायदा फोडलेला आहे. असे सर्व्हर टीमस्पीकच्या काळ्या यादीत गेले की मूळ क्लायंट जोडायलाच नकार देतो, आणि मग क्लॅनचं पूर्ण चॅनेल-झाड एका रात्रीत हातचं जातं. अधिकृत होस्टांची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर असते, तिच्याशीही नाव पडताळा.

भाव बघताना पहिल्या महिन्याचा बघू नका, नूतनीकरणाचा बघा. ‘ब्रँडेड’ सर्व्हर स्वस्त असतो कारण त्यावर होस्टचं नाव, बॅनर आणि कधी कधी न काढता येणारं स्वागत-चॅनेल असतं. मित्रांच्या गटाला ते चालतं. प्रायोजक शोधणाऱ्या टीमला नाही. परदेशी होस्टच्या डॉलरमधल्या किमतीवर कार्ड कंपनीचा परकीय चलनाचा आकार आणि १८ टक्के जीएसटी धरूनच तुलना करा.

आपल्याकडे एक खास अडचण आहे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप कापले जाणारे आवर्ती पैसे नोंदवलेल्या ई-मँडेटशिवाय (ग्राहकाच्या ऑनलाइन पूर्वपरवानगीशिवाय) जात नाहीत. अनेक छोट्या परदेशी होस्टांकडे ती सोयच नसते. पैसे नाकारले जातात, होस्टचं पॅनेल तीन-चार दिवसांनी सर्व्हर थांबवतं आणि काही दिवसांनी पुसूनही टाकतं. त्यामुळे अशा ठिकाणी तिमाही किंवा वार्षिक रक्कम हाताने भरा आणि मुदतीच्या आठवडाभर आधीचा गजर लावून ठेवा.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: बॅकअप उतरवता येतो का? टीमस्पीकमध्ये याला स्नॅपशॉट म्हणतात. पॅनेलमध्ये स्नॅपशॉट उतरवण्याचं बटण नसेल आणि क्वेरीचा (आज्ञा पाठवून सर्व्हर हाताळण्याचा) प्रवेशही देत नसतील तर तो होस्ट कितीही स्वस्त असो, सोडा. तुम्हाला अडकवून ठेवणं हाच त्याचा धंदा आहे.

स्वतः बसवायचा असेल तर

घरच्या संगणकावर सर्व्हर ठेवण्याचा मोह होतो. भारतात तो बहुधा फसतो, कारण बरेच इंटरनेट पुरवठादार आता अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता देतात. राउटरमध्ये पोर्ट (डेटा आत येण्याची क्रमांकाची वाट) उघडूनही बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता आणि ‘माझा आयपी काय’ दाखवणाऱ्या साइटवरचा पत्ता वेगळा असेल तर तुम्हीही त्यातलेच. पुरवठादाराकडून स्थिर पत्ता विकत घ्या, नाहीतर एक कोर आणि १ जीबी मेमरीचा व्हीपीएस घ्या. पन्नास-साठ जणांना तो पुरतो.

मंबलसाठी डेबियन किंवा उबुंटू घ्या. पॅकेज मॅनेजरमधून ‘मंबल-सर्व्हर’ हे पॅकेज बसवा, मग पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करण्याची आज्ञा चालवा. ती तीन गोष्टी विचारते: यंत्र सुरू होताना सर्व्हर आपोआप सुरू करायचा का, त्याला जास्त प्राधान्य द्यायचं का आणि सुपरयूजरचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड काय. पहिल्या दोन्हींना हो म्हणा. सुपरयूजर रोजच्या वापराचं खातं नाही. त्याने एकदा आत जाऊन स्वतःच्या नेहमीच्या खात्याची नोंदणी करायची, मूळ चॅनेलच्या अ‍ॅडमिन गटात ते खातं टाकायचं आणि बाहेर पडायचं.

पोर्ट ६४७३८, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही पद्धतींसाठी. मंबलमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच की क्लाउडच्या फायरवॉलमध्ये फक्त टीसीपी उघडला जातो. तरीही सगळे जोडले जातात, आवाजही येतो, कारण यूडीपी मिळाला नाही की मंबल आवाज टीसीपीतूनच नेतो. मग एक पाकीट हरवलं की मागची सगळी खोळंबतात आणि आवाज अडखळत, गोळा होऊन येतो. लोक मायक्रोफोन बदलत बसतात. क्लायंटमधली सर्व्हरची माहिती उघडून यूडीपीची पाकिटं मोजली जातायत का ते आधी बघा.

सेटिंगच्या फाइलमध्ये तीन ओळी नक्की बदला. वापरकर्त्यांची मर्यादा मूळची १०० असते, ती तुमच्या आकड्यावर आणा. बँडविड्थची मर्यादा १.४ आवृत्तीपासून ५,५८,००० बिट प्रति सेकंद अशी सढळ ठेवलेली आहे. बोलण्यासाठी ती ७२,००० केली तरी कुणाला फरक कळत नाही आणि डेटा वाचतो. आणि सर्व्हर पासवर्ड. तो रिकामा ठेवलात तर पत्ता हाती लागलेला कोणीही आत येतो. बदलानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करायला विसरू नका.

टीमस्पीक ३ मध्ये पहिल्यांदा सुरू करताना परवान्याच्या अटी मान्य केल्याचं सांगावं लागतं, नाहीतर सर्व्हर काही न करता बंद होतो. सुरू करताना तसा पर्याय द्यायचा किंवा सर्व्हरच्या फोल्डरमध्ये त्यासाठी ठरलेल्या नावाची रिकामी फाइल बनवायची. पहिल्या सुरुवातीला पडद्यावर क्वेरी अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि एक लांबलचक अधिकार-किल्ली छापली जाते. दोन्ही लगेच लिहून घ्या. ती किल्ली क्लायंटमध्ये टाकणारा पहिला माणूस सर्व्हर अ‍ॅडमिन होतो, आणि किल्ली एकदाच चालते. रूट (यंत्राच्या सर्वाधिकारी) खात्याखाली सर्व्हर चालवू नका.

आवाजासाठी ९९८७ यूडीपी. फाइल, चिन्हं आणि अवतारांसाठी ३००३३ टीसीपी. हा दुसरा बंद राहिला तर बोलणं सुरळीत चालतं, पण गटांची चिन्हं दिसत नाहीत. ‘सगळं चालतंय, फक्त आयकॉन गायब’ या तक्रारीचं कारण दहातल्या नऊ वेळा तेच. क्वेरीचा १००११ मात्र बाहेरच्यांसाठी बंदच हवा, कारण त्यावर पासवर्ड उघडा जातो. दुरून लागलाच तर एसएसएचवाला (सांकेतिक जोडणीचा) १००२२ वापरा. बॉट किंवा पॅनेल क्वेरी वापरत असेल तर त्याचा आयपी परवानगीच्या यादीत टाका. मूळ सेटिंगनुसार ३ सेकंदांत १० पेक्षा जास्त आज्ञा आल्या की तो पत्ता ६०० सेकंदांसाठी बाहेर फेकला जातो, आणि ‘बॉट दर थोड्या वेळाने मरतो’ असं कोडं पडतं.

परवाना विकत घेतला असेल तर मिळालेली परवाना-फाइल सर्व्हरच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवून सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. परवान्याचा सर्व्हर अधूनमधून कंपनीच्या हिशेबी सर्व्हरशी बोलतो. फायरवॉलमध्ये बाहेर जाणारा मार्ग अडवला असेल तर ते बोलणं होत नाही आणि सर्व्हर थांबतो. यंत्र बदलताना जुना सर्व्हर आधी पूर्ण बंद करा. एकाच फाइलवर दोन यंत्रं चालू दिसली की परवान्याची पडताळणी फसते.

स्लॉट विकायचे असतील तर

मित्रांनी व्हीपीएसचं बिल वाटून घेणं एक, आणि पैसे घेऊन स्लॉट किंवा व्हीआयपी दर्जा देणं दुसरं. दुसऱ्या प्रकाराला मोफत किंवा गेमर परवान्याचा आधार नाही. टीमस्पीकमध्ये विक्री करायची तर होस्टचा करार आधी, पहिलं गिऱ्हाईक नंतर. दुसऱ्या अधिकृत होस्टकडून घाऊक स्लॉट घेऊन विकणार असाल तर पुनर्विक्रीला त्याच्या अटींत लेखी जागा आहे का ते पाहा. डोमेनच्या नावात ‘टीमस्पीक’ किंवा ‘मंबल’ घालू नका. मंबलचा परवाना कोड वापरू देतो म्हणून नाव आणि चिन्ह आपलं होत नाही.

नव्याने उतरणाऱ्याने मंबलपासून सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. एकाच प्रक्रियेत अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालतात. दुसऱ्या सर्व्हरला आपोआप ६४७३९, तिसऱ्याला ६४७४० असे पुढचे पोर्ट मिळतात, तेव्हा फायरवॉलमध्ये ती पूर्ण पट्टी टीसीपी-यूडीपी दोन्हींसाठी उघडा. हे सर्व्हर आईस नावाच्या आंतरजोडणीतून हाताळले जातात, पोर्ट ६५०२. ती फक्त त्याच यंत्रापुरती ठेवा आणि लिहिण्याचा गुप्त शब्द नक्की घाला. नाहीतर त्याच यंत्रावरचा दुसरा कोणताही प्रोग्राम सगळ्या गिऱ्हाइकांचे सर्व्हर पुसू शकतो.

भाव ठरवताना डिस्कॉर्ड शून्य रुपयांना आहे हे गृहीत धरा. ‘स्वस्त स्लॉट’ या मुद्द्यावर त्याच्याशी कुणी जिंकत नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते तीन गोष्टींचे: मुंबईतला पत्ता, हल्ला झाल्यावर टिकणारी सेवा आणि रात्री अकराला उत्तर देणारा माणूस. समजा व्हीपीएस महिन्याला ८०० रुपयांचा आहे आणि त्यावर २० जणांचे दहा सर्व्हर बसतात. प्रत्येकी १५० रुपये म्हणजे १,५०० जमा. पेमेंट गेटवेचे सुमारे दोन टक्के आणि बॅकअपची जागा वजा केली की हातात सहाशेच्या आत उरतात. त्यातला एक सर्व्हर डीडॉस (डेटाचा लोंढा सोडून सर्व्हर पाडण्याच्या) हल्ल्याखाली आला तर होस्टिंग कंपनी सगळा आयपी बंद करते आणि दहाही गिऱ्हाइकं एकदम अंधारात जातात. म्हणून स्पर्धात्मक टीमना वेगळा आयपी द्या आणि त्याचे वेगळे पैसे लावा. हल्ल्यापासून संरक्षण घेताना ते यूडीपीला लागू आहे का ते विचारा. वेबसाइटसाठी बनवलेली कवचं व्हॉइसला उपयोगी नसतात.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारण राज्यांत वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा सेंटर, व्हीपीएस आणि क्लाउड सेवा देणाऱ्यांना ग्राहकाची पडताळलेली माहिती ५ वर्षं ठेवावी लागते. लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. कळवायच्या घटनांच्या यादीत डीडॉस हल्लाही आहे. गेमिंगच्या धंद्यात तो आठवड्याचा पाहुणा असतो, म्हणून घटना नोंदवण्याचा नमुना आधीच भरून तयार ठेवा.

होस्ट बदलताना

पहिल्या दिवसापासून सदस्यांना होस्टचा पत्ता देऊ नका, स्वतःच्या डोमेनचा द्या. टीमस्पीक आणि मंबल दोन्ही डोमेनचा एसआरव्ही रेकॉर्ड (सर्व्हर कुठे आहे ते सांगणारी नोंद) वाचतात, त्यात पोर्टही लिहिता येतो. टीमस्पीकचा रेकॉर्ड यूडीपीखाली, मंबलचा टीसीपीखाली. उलट लिहिला तर तो नुसता दुर्लक्षिला जातो, चूक कुठेच दिसत नाही. बदलाच्या आदल्या दिवशी रेकॉर्डची मुदत (जुनी नोंद इतरत्र साठून राहण्याचा वेळ) ३०० सेकंदांवर आणा.

टीमस्पीकच्या स्नॅपशॉटमध्ये चॅनेल, गट, अधिकार आणि सदस्यांच्या ओळखी येतात. चॅनेलमध्ये चढवलेल्या फाइल आणि चिन्हांच्या प्रतिमा येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवाव्या लागतात. नव्या ठिकाणी स्नॅपशॉट चढवला की तिथलं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी रिकाम्या सर्व्हरवर करून पाहा. मंबलमध्ये काम सोपं: सर्व्हर थांबवा, एसक्यूलाइटची (माहितीसाठ्याची) एकच फाइल नव्या यंत्रावर न्या, तिची मालकी मंबल-सर्व्हर या वापरकर्त्याला द्या आणि सुरू करा. मालकी द्यायची राहिली तर सर्व्हर फाइलमध्ये लिहू शकत नाही आणि सुरू होताच बंद पडतो. सदस्यांची नोंदणी त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर असते, म्हणून त्यांना काही करावं लागत नाही. फक्त ज्याने याच काळात संगणक फॉरमॅट केला आणि प्रमाणपत्र काढून ठेवलं नाही, तो अनोळखी म्हणून दारात उभा राहील. त्याची जुनी नोंद काढून पुन्हा नोंदणी करा. जुना सर्व्हर आणखी आठवडाभर चालू ठेवा आणि त्याच्या स्वागत-संदेशात नवा पत्ता लिहा.